बरानकोटाचं माप

१

शुक्रवारी ताहेरा मशीनला हात लावत नसे. बाकीचे सहा दिवस डोणगावातल्या निम्म्या पोरांचे शाळेचे गणवेश तिच्या सुईखालून जात. शुक्रवार मात्र शिपायांचा. सकाळची कामं उरकली की ती ओढणी मागे घट्ट बांधायची, मधल्या खोलीची खिडकी उघडायची आणि लांब लोखंडी नळीवर टांगलेले गणवेश एकेक करून खाली उतरवायची. ब्रश मारायचा, खिशातल्या डांबरगोळ्या बदलायच्या, पितळी बटणं पुसायची आणि शेवटी टेप लावून माप घ्यायचं.

माप कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणे, "कापड आकसते, कसर लागते. माप हाललं की समजते." खरं कारण तिचे अब्बा. फकीर मोहम्मद तीस वर्षं दूरच्या एका छावणीत फौजी दर्जी होते. गावी परतले ते एक जड कात्री आणि एक बोलणं घेऊन. माणसाचं नाव कागदावर राहते, अन् कागदाले वाळवी लागते. माप कापडात राहते.

अब्बा गेले त्या वर्षी शिवारातल्या एका बुजगावण्याच्या अंगात तिला फौजी शर्ट दिसला. खांद्यावरच्या पट्ट्या शाबूत, खिशावर कोणा शिपायाचा नंबर. तिने शेतकऱ्याला नवा शर्ट शिवून दिला आणि तो उतरवून आणला. तिथून सुरू झालं ते वीस वर्षं थांबलं नाही. कोणाच्या माळ्यावरून, कोणाच्या कोठीतून, कोणाच्या म्हाताऱ्या आईच्या उशाखालून तिने वस्तू गोळा केल्या. एकतीस गणवेश, टोप्या, बिल्ले, पाण्याच्या चेपलेल्या बाटल्या, एक दाढीची वाटी, एका शिपायाने आईला लिहिलेली आणि कधीच टपालात न पडलेली चार पत्रं. नवरा वारल्यावर लोकांना वाटलं, आता हे खूळ जाईल. उलट तिने मधली खोलीच त्यांना देऊन टाकली.

तिचा दीर शाकिर दर ईदेला येऊन तेच सांगे. "भाभी, मुर्द्याईचे कपडे घरात बरे नाही. ती खोली किरायानं द्या. मोबाइलवाला विचारून राह्यला."

"माया घरात कोण राहीन ते मी ठरवीन," ताहेरा म्हणे आणि त्याच्यापुढे शीरखुर्म्याची वाटी सरकवी. विषय तिथंच संपे.

२

गेल्या डिसेंबरात दुसरबीडकडच्या एका खेड्यातून रुखमाबाई नावाची म्हातारी एसटीने आली. हातात गोणपाटात बांधलेलं गाठोडं. बसस्टँडवर आसिमचं, म्हणजे ताहेराच्या मुलाचं, झेरॉक्सचं दुकान. तिथंच तिने पत्ता विचारला. आसिमने दुकानाला फडकं लावलं आणि गाठोडं खांद्यावर टाकून तिला घरी आणलं.

आत बरानकोट होता. थंडीत पहाऱ्यावरचे शिपाई घालत तो गुडघ्याखाली जाणारा लोकरीचा खाकी कोट. रंग थोडा विटला होता, पण कापड असं की बोट दाबलं तर परत वर येई. आठही बटणं जागच्या जागी, आणि आठही लावलेली.

"मह्या आजेसासऱ्याचा," रुखमाबाई म्हणाली. "लढाईतून कोट आला. माणूस नाही आला."

"नाव काय त्यायचं, मावशी? मी वहीत लिहून ठेवते."

म्हातारीने नाव सांगितलं नाही. चहाला थांबली नाही. दारात मात्र वळली.

"वापस नका आणू बरं, बाई."

"मी आजपर्यंत कोणाचं काही वापस केलं नाही."

"मंग ठीक हे," ती म्हणाली आणि बसस्टँडकडे इतक्या लगबगीने गेली, की जनकाबाईने समोरच्या भाजीच्या गाड्यावरून विचारलं, "काय वो ताहेरा, म्हातारीच्या मांगं कुत्रं लागलं का?"

ताहेराने कोट ब्रशने झाडला, उन्हात टाकला आणि माप घेतलं. छाती छत्तीस. खांदा साडेसोळा. बाही दोन्ही तेवीस. ठेंगणा, हडकुळा माणूस असावा. असं लिहून तिने कोट नळीच्या टोकाला, खिडकीपाशी टांगला.

३

पहिल्या शुक्रवारी छाती सदतीस भरली.

ताहेरा हसली. वय झालं, दुसरं काय. मग तिच्या लक्षात आलं, की लोकर दमट हवेत फुगते. पण दमट हवा कुठली? डिसेंबरातली कोरडी थंडी, ओठ उलत होते. मग टेपच जुनी, कापडी, ताणली असेल. तिने बाजारातून नवीन टेप आणली आणि नळीवरचे सगळे गणवेश पुन्हा मोजले. एकतीसच्या एकतीस वहीतल्या मापाला तंतोतंत. बत्तिसावा साडेसदतीस.

आता तिच्यातला दर्जी जागा झाला. कोट मोठा करायचा तर शिवण उसवून आतलं कापड बाहेर काढावं लागतं, आणि जुन्या शिवणीच्या जागी सुईच्या भोकांची ओळ राहते. कितीही इस्त्री फिरवा, ती ओळ जात नाही. तिने अस्तर उचकून काखेपासून कमरेपर्यंत शिवण पाहिली. एक भोक नव्हतं. टाके जुने, एका हाताचे, पहिल्यापासून तिथंच असल्यासारखे.

"अम्मी, कोणतं भूत शोधून राह्यली?" जेवायला आलेल्या आसिमने दारातून विचारलं.

"भूत काऊन? मायं चुकलेलं माप शोधून राह्यली."

आसिम हसत स्वयंपाकघरात गेला. मागे, नळीवर, बटण भिंतीला लागल्याचा आवाज झाला. टक. पंखा बंद होता. खिडकीतून वारा येत असेल, असं म्हणून तिने खिडकी लावली आणि जेवण वाढायला गेली. भाकरी थापताना आणखी एकदा ऐकू आलं. टक. जरा थांबून पुन्हा टक. कोणी जागच्या जागी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकावा, तसं.

पुढच्या आठवड्यात जनकाबाईने तिला हटकलं.

"आसिमले बरं नाही काय वो?"

"काऊन? चांगला हाय की."

"काल दुपारी खिडकीतून दिसला, मधल्या खोलीत. पाठमोरा उभा. मी म्हटलं, वांगे घेऊन जाय मायसाठी. दोनदा हाक मारली तं हाललाही नाही."

काल आसिम कागदांचे गठ्ठे आणायला सकाळीच मेहकरला गेला होता, तो दिवेलागणीला परतला.

"दुसरा कोणी असन," ताहेरा म्हणाली.

"तुया घरात दुसरा कोण हाय?"

४

तिसऱ्या शुक्रवारी तिने आधी बाह्या मोजल्या. उजवी पंचवीस. डावी साडेचोवीस.

टेप तिच्या हातात तशीच राहिली.

आसिम नऊ वर्षांचा असताना बाभळीवरून पडला होता. डावा हात मोडला, गावातल्या माणसाने बसवला, तो अर्धा इंच आखूड बसला. त्याला स्वतःलाही ते जाणवत नसे. बाजारातला शर्ट घातला तर डाव्या मनगटावर कफ जरासा पुढे येई, एवढंच. पण पंधरा वर्षं ताहेरा त्याची डावी बाही अर्धा इंच कमी कापत आली होती. हे जगात तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिने मापवहीतलं आसिमचं पान उघडलं. खांदा साडेसतरा, कोटाचा साडेसतरा. बाह्या त्याच. छाती चाळीस, कोटाची एकोणचाळीस.

एक इंच राहिला होता.

ती खाली बसली. खोलीत लोकरीचा, डांबरगोळ्यांचा आणि आणखी कसलातरी आंबूस, ओला वास होता. मनाला तिने पुष्कळ समजावलं. शेकडो माणसांचे हात लहानमोठे असतात. शिवणाऱ्यानेच चूक केली असेल आणि तिने पहिल्यांदा नीट मोजलं नसेल. पण चाळीस वर्षं टेप गळ्यात घालून वावरलेली बाई दोन-तीन इंच चुकत नाही, हे समजावणाऱ्या मनालाही माहीत होतं.

तिने आसिमला फोन केला. "मी दुसरबीडले जाऊन राह्यली. मी येईपर्यंत घरी येजो नको."

"जेवण?"

"बसस्टँडवर वडापाव खाय. मधल्या खोलीत पाय ठेवशील तं मायाशी गाठ हाय."

"अम्मी, झालं काय पण?"

"काही नाही झालं. होऊही नाही देणार."

तिने घराला कुलूप लावलं आणि दहाची एसटी पकडली.

५

रुखमाबाई अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घालत होती. ताहेराला पाहताच तिची नजर आधी तिच्या हातांकडे गेली. हात रिकामे पाहून तिचा जीव भांड्यात पडला.

"मावशी, कोट कोणाच्या मापाचा होता?" ताहेराने बसल्या बसल्याच विचारलं.

म्हातारीने एक शेंग उचलली.

"गोविंदाच्या," ती म्हणाली. "मह्या लेकाच्या. पहिल्यानं त्याच्या अंगात जात नव्हता. पोरगं धिप्पाड, अन् पोती वाहून वाहून एक खांदा उतरलेला. मी म्हणायची, कशाला फाडतो? मंग एका हिवाळ्यात घातला तं असा बसला, जसा त्याच्यासाठीच शिवला. उतरल्या खांद्यावर सुद्धा सुरकुती नाही. खुश झालं लेकरू. आरशासमोरून हालेना."

"मंग?"

"हरभऱ्यात रानडुकरं येत व्हती. सकाळी धुकं व्हतं, तो कोट घालून वावरात गेला. नऊ वाजता मी भाकर घेऊन गेले." तिने हातातली शेंग खाली ठेवली. "बांधावर कोट व्हता. नीट बसलेला. आठी बटणं लावलेली. आत कोणी नव्हतं."

"शोधलं नाही?"

"विहीर उपसली. पोलीस आले. दोन वर्षं झाली, बाई. लोक म्हणतात पळून गेला. कोटाची बटणं लावून कोणी पळून जातं का?"

"अन् हे तुम्ही मले सांगतलं नाही."

"सांगतलं असतं तं तुम्ही ठेवला असता?"

ताहेराने विचार केला. "ठेवला असता," ती म्हणाली. "पण पोराच्या खांद्यावर देला नसता."

रुखमाबाईने तोंडाला पदर लावला. "जाळा म्हणे समदे. कसा जाळू? महं लेकरू आत असलं तं?"

ताहेरा उठली. तिला राग आला होता, पण तो या म्हातारीवर काढता येत नव्हता. परतीच्या बसमध्ये तो तसाच तिच्या छातीत धगधगत राहिला. ज्यांचं जगात काही उरलं नाही त्यांना तिने घर दिलं होतं, नाव दिलं होतं, नळीवर जागा दिली होती. आणि त्यातलाच एक तिच्या लेकराचं माप चोरत होता.

६

चारचं ऊन घराच्या पुढच्या खोलीतल्या शिलाईच्या दुकानाच्या उंबऱ्यावर होतं. ताहेराने कुलूप काढलं, चपला सोडल्या, आणि मधल्या खोलीच्या दारात थबकली.

खिडकीकडे तोंड करून आसिम उभा होता. अंगात बरानकोट.

"काढ तो!" ती ओरडली. "सांगतलं होतं ना तुले? काढ आधी!"

तो वळला नाही. कुलूप आपण आत्ताच, आपल्या हाताने काढलं, हे तिला हाक मारून झाल्यावर आठवलं.

बाहेर रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. नळीवरचे एकतीस गणवेश त्याच्या धडधडीने जरा हलले आणि थांबले. कोट हलला नाही. खांदे भरलेले होते. पाठीवर, दोन्ही फऱ्यांच्या मधे, माणूस उभा असताना पडते तशी खोलगट घडी होती. डावी बाही उजवीपेक्षा अर्धा इंच वर. कोटाच्या खाली फरशी होती, पण त्या फरशीवर काय आहे याकडे तिने नजर जाऊ दिली नाही.

पळावं असं तिला वाटलं. पाय तसे वळलेही. पण पळून जायचं कुठं? घर तिचं होतं. खोली तिची. नवरा गेला तेव्हा शाकिरला तिने या खोलीत पाऊल टाकू दिलं नव्हतं, गावाला हसू दिलं होतं. आणि आता एका कोटाला पाठ दाखवायची?

तिने गळ्यातली टेप काढली. रोज वीस गिऱ्हाइकांना सांगते त्याच आवाजात, किंचितही वर न चढवता, ती म्हणाली,

"हात वर करा."

एक क्षण काहीच झालं नाही. मग दोन्ही बाह्या सावकाश वर उचलल्या गेल्या. डावी जरा मागाहून.

ताहेरा पुढे गेली. काखेखालून टेप घातली आणि पाठीवर टोकं जुळवली. कापड गरम होतं. चाळीस. ती पाहत असतानाच टेप तिच्या बोटांत ताणली, साडेचाळीस. मग सैल झाली, पुन्हा चाळीस. पुन्हा साडेचाळीस. श्वास चालला होता.

कॉलरच्या वर तिने पाहिलं नाही. काठाशी बारीक कापलेले, दवाने भिजल्यासारखे ओले केस दिसले, तेवढेच. पुढे जनकाबाईने खोदखोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दर्जी गिऱ्हाइकाचं अंग पाह्यते, तोंड नाही. अन् पाह्यलं असतं, तं त्याले वाटलं असतं मी भ्याली."

"हे माप मायं हाय," ती त्या पाठीला म्हणाली. "नऊ महिने पोटात अन् चोवीस वर्षं या वहीत. ते तुले कोणी देलं?"

फक्त टेप ताणली आणि या वेळी सैल पडली नाही.

तिने उसवायचं ब्लेड काढलं आणि मधल्या शिवणीत, मानेखाली, घातलं. टाके तुटताना वाजले, एकेक, सुकल्या काटक्यांसारखे. कमरेपर्यंत पोचली तसा कोट एकदम रिकामा झाला आणि ओल्या गोणपाटासारखा तिच्या पायांवर कोसळला.

७

आसिमला तिने त्याच संध्याकाळी मलकापूरला, थोरल्या बहिणीकडे, नाजिशकडे पाठवलं. तो खूप भांडला. शेवटी तिने मापवहीतलं त्याचं पान आणि कोटाचं पान शेजारी शेजारी ठेवून दाखवलं, तेव्हा त्याने डाव्या मनगटावरून नकळत हात फिरवला.

"अम्मी, जाळून टाक ना."

"मी बुजगावण्याच्या अंगावरचा शर्ट सोडवून आणला, आसिम. शिपायाची वस्तू मी जाळत नाही. अन् त्याच्यात कोणाचं लेकरू असन तं?"

मग लढाई सुरू झाली. ताहेराने कोट पुन्हा शिवला, पहिल्या मापाने. छाती छत्तीस, बाह्या तेवीस. जाड दोरा, दुहेरी शिवण. दोन दिवसांनी छाती सदतीस भरली. तिने उसवला आणि पुन्हा छत्तीसवर आणला. आता ती शुक्रवारची वाट पाहत नसे, रोज सकाळी मोजायची. कोट वाढे, ती घटवी. बोटांना सुया टोचून टोचून फोड आले. शाळेच्या गणवेशांची कामं मागे पडली, गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. शिवताना कापड कधी तिच्या हाताखाली कण्हल्यासारखं करी. लोकरीवर सुई घासली की तसा आवाज होतोच, असं ती स्वतःला सांगे आणि पाय मशीनवर आणखी जोरात दाबी.

शाकिर आला. या वेळी खोलीचा विषय त्याने काढला नाही. हातात रॉकेलची बाटली होती.

"भाभी, तुम्हाले नाही होत तं मी करतो. साऱ्या गावात बोभाटा झाला."

"शाकिरभाई, या खोलीतली एक टाचणी जरी हालवली तं त्या बाटलीसकट तुम्हाले बाहेर काढीन."

"ते तुम्हाले खाईन!"

"खाऊ द्या. मीबी घशात अडकीन."

जानेवारी गेला. वाढ हळूहळू कमी झाली. आधी दोन दिवसांत इंच, मग आठवड्यात अर्धा. फेब्रुवारीच्या शेवटी सलग नऊ दिवस छत्तीस भरले. ताहेराने आसिमला फोन करून, पुढच्या आठवड्यात ये, असं सांगितलं. फोन ठेवल्यावर ती कितीतरी महिन्यांनी मोठ्याने हसली.

८

दुसऱ्याच दिवशी दुपारी रुखमाबाई आली. या वेळी हातात पिशवी, आणि पिशवीत धुऊन घडी केलेला गोविंदाचा शर्ट.

"माप आणलं," ती म्हणाली.

ताहेराला आधी कळलंच नाही.

"जनकाबाईनं मह्या गावातल्या भाजीवालीला फोनवर सांगतलं, तिच्याकडून समजलं मला. तुम्ही कोट पाहिजे त्या मापाचा करता. मंग या मापाचा करा, बाई. एक डाव. उतरला खांदा तेवढा ध्यानात ठेवा. त्याच्या मापाचा झाला, की येईन तो."

"मावशी, तसं नसते."

"कसं असते मंग? तुम्हाला माहीत हे? सांगा."

ताहेराला माहीत नव्हतं. तेच तर होतं. म्हातारीचे डोळे असे कोरडे, की त्यांत पाहवेना.

"नाही," ती तरीही म्हणाली. "ते मी करणार नाही. माया लेकरावरून काढलं ते तुमच्या लेकराच्या नावानं पुन्हा वाढवू? उद्या ते कोणाच्या मापाचं होईन?"

"तुमचा वाचला म्हणून बोलता."

"हाव," ताहेरा म्हणाली. "म्हणून बोलते."

मग ताहेरा, काहीतरी करायचं म्हणून, चहा ठेवायला आत गेली. दूध वर येत होतं तेव्हा तिला ऐकू आलं. टक.

ती धावली.

रुखमाबाई नळीपाशी उभी होती. कोट अजून टांगलेलाच होता, पण तिने उजवा हात बाहीत खांद्यापर्यंत घातला होता आणि डोकं कोटाच्या छातीला टेकवलं होतं. म्हातारीचा हात काडीसारखा. तेवीस इंचांची बाही तिला लोंबायला हवी होती. ती अंगासरशी बसली होती. कोटाचा खांदा ताहेराच्या डोळ्यांदेखत खाली उतरत होता, म्हातारीच्या वाकलेल्या खांद्याच्या उंचीला.

"मावशी, हात काढा!"

"धरला," रुखमाबाई पुटपुटली. तिच्या तोंडावर हसू होतं. "हात धरला हो आतून. लहानपणी बाजारात धरायचा, तसाच."

ताहेराने तिला मागून कवळ घातली आणि ओढलं. म्हातारी हलेना. उलट दोघींनाही कोटाकडे ओढ बसली, आणि एकेक करून खालपासून बटणं लागू लागली. ताहेराने एका हाताने म्हातारीला धरून ठेवलं आणि दुसरा हात मागे, फळीवर, चाचपला. अब्बांची कात्री हाताला लागली.

वीस वर्षांत तिने शिपायाच्या कोणत्याही कपड्याला कात्री लावली नव्हती. उसवलेलं शिवता येतं. कापलेलं परत येत नाही.

तिने खांद्याच्या टोकाशी कात्री घातली आणि बाही कापून काढली. लोकर, कॅनव्हास, अस्तर, सगळं एका दमात. म्हातारी मागे कोसळली, ताहेरा तिच्यासकट. पण ती उठली आणि दुसरी बाहीही कापली. मग कॉलर. मग उभा, मधोमध, वरपासून खालपर्यंत, आणि ते दोन तुकडेही आडवे. कापताना ती मोठमोठ्याने बोलत होती, पण काय ते तिला नंतर आठवलं नाही. थांबली तेव्हा फरशीवर फक्त कापड होतं.

रुखमाबाई भिंतीला टेकून आपला उजवा हात बघत होती. हाताला जखम नव्हती. तळवा मात्र चिंब ओला होता, आणि खोलीभर हरभऱ्याच्या आंबेचा वास पसरला होता. पहाटेच्या दवात पाल्यावर साचते त्या आंबट पाण्याचा. शिवारातला हरभरा निघून पंधरा दिवस झाले होते.

"आता," म्हातारी म्हणाली, "आता तो कोणत्या हातानं येईन?"

ताहेराने हातातली कात्री फळीवर ठेवली. आपण काय कापलं, शत्रू की वाट, हे तिला आयुष्यभर कळणार नव्हतं, आणि हे तिला त्याच क्षणी पक्कं कळलं.

"यायचं असन तं पायानं येईन, मावशी," ती म्हणाली. "माणसासारखा. दारानं येईन."

तिने रुखमाबाईला काखेत हात घालून उठवलं, पुढच्या दुकानात आणून मशीनशेजारच्या खुर्चीवर बसवलं. ओला हात आपल्या ओढणीने कोरडा केला. मग तिने दुकानाचं अर्धं ओढलेलं शटर खडखडाट करत पार वर ढकललं, आणि दुपारचा सगळा रस्ता आत आला.